सांधा आधी, स्नायू नंतर : स्ट्रेंथ ट्रेनिंगमधल्या शब्दांबद्दल वाचकांचे प्रश्न

वजनांच्या व्यायामात कानावर पडणाऱ्या शब्दांबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. ज्यांना आधीपासून दुखापत आहे, रक्तदाबाचा त्रास आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी खालचे आकडे वापरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न : जिमच्या भिंतीवर स्नायूंचा तक्ता आहे. प्रत्येक स्नायूचं ओरिजिन आणि इन्सर्शन दिलं आहे. वजन उचलणाऱ्याला हे पाठ करून काय मिळणार?

पाठ करू नका. पण स्नायू कोणत्या हाडावरून निघतो आणि कोणत्या हाडाला जाऊन चिकटतो एवढं पाहिलं, की तो कोणकोणते सांधे ओलांडतो ते कळतं. जो सांधा तो ओलांडतच नाही, तो त्याला थेट वाकवता येत नाही. व्यायाम निवडताना उपयोग होतो तो याच माहितीचा. ओरिजिन म्हणजे हालचालीत सहसा स्थिर राहणारं टोक आणि इन्सर्शन म्हणजे सहसा हलणारं टोक. 'सहसा' म्हणायचं कारण, पुल-अपमध्ये हात बारवर स्थिर असतात आणि धड वर येतं. तिथे टोकांची कामं उलटतात, स्नायू मात्र तेच राहतात.

बायसेपचं पाहू. त्याला वर दोन मुळं आहेत आणि दोन्ही खांद्याच्या पात्यावरून निघतात : एक खांद्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवरून, दुसरं पात्याच्या पुढे आलेल्या टोकावरून. दंडाच्या हाडाला बायसेप कुठेच चिकटलेला नाही, हे अनेकांना खरं वाटत नाही. खाली तो रेडियस या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला जोडलेला असतो. हे हाड हाताच्या उलथापालथीबरोबर फिरतं. म्हणून बायसेपची दोन कामं : कोपर वाकवणं आणि तळहात वरच्या बाजूला वळवणं. कोपर ९० अंशांत वाकवा, दुसऱ्या हाताची बोटं बायसेपवर ठेवा आणि कोपर न हलवता तळहात खाली-वर वळवा. तळहात वर येताना बायसेप बोटांखाली टणक झालेला कळेल.

त्याच्या खाली ब्रॅकिआलिस नावाचा रुंद स्नायू आहे. तो दंडाच्या हाडावरून निघून करंगळीच्या बाजूच्या अल्ना या हाडाला जातो. अल्ना फिरत नाही, त्यामुळे तळहात कुठे वळला आहे याने ब्रॅकिआलिसला फरक पडत नाही. तळहात खाली ठेवून कर्ल (कोपर वाकवून वजन वर आणणं) केला, की बायसेपचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) रेडियसभोवती गुंडाळला जातो, त्याची ओढ कमी पडते आणि वजन कमी उचललं जातं. ताकद घटली म्हणून घाबरायचं कारण नाही. अंगठा वर ठेवून केलेला हॅमर कर्ल यांच्या मधला.

हाच विचार दोन सांधे ओलांडणाऱ्या स्नायूंना लावला की बरेच गोंधळ मिटतात. पोटरीचा वरचा फुगीर स्नायू, गॅस्ट्रॉक्निमियस, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरून निघतो, म्हणजे गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो. त्याच्या खालचा सोलियस नडगीच्या हाडांवरून निघतो आणि फक्त घोटा ओलांडतो. दोघेही एकाच टेंडनने टाचेला जोडलेले. बसून, गुडघे ९० अंशांत ठेवून काफ रेज (टाचा उचलणं) केला तर गॅस्ट्रॉक्निमियस गुडघ्याच्या टोकाला सैल पडतो आणि काम मुख्यतः सोलियसवर येतं. पोटरीचा फुगवटा वाढवायचा असेल तर उभं राहून, गुडघे सरळ ठेवून केलेले सेट (सलग केलेल्या उचलण्यांचा एक गट म्हणजे सेट) टाळता येत नाहीत.

मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंगही तसेच. बसताना टेकतं त्या हाडावरून निघून ते गुडघ्याखाली जातात, म्हणून ते खुबा मागे नेतात आणि गुडघाही वाकवतात. अपवाद बायसेप्स फेमोरिसच्या आखूड मुळाचा. ते मांडीच्या हाडावरूनच निघतं, खुबा ओलांडत नाही. रोमेनियन डेडलिफ्ट (गुडघे जवळपास सरळ ठेवून खुब्यातून वाकत वजन उचलणं) कितीही चांगली केली तरी त्या भागाला फारसं काम मिळत नाही, त्यासाठी लेग कर्ल (वजनाविरुद्ध गुडघा वाकवणं) लागतो. ट्रायसेपच्या तीन मुळांपैकी लांब मूळ पात्यावरून येतं. हात डोक्यावर नेऊन केलेल्या एक्स्टेंशनमध्ये ते ताणून काम करतं, केबल खाली ढकलताना तेवढं नाही.

प्रश्न : १० किलोचा डंबेल कर्ल करताना सुरुवातीला हलका, मध्यावर जड आणि वर पुन्हा हलका लागतो. ट्रेनर म्हणतात, मोमेंट आर्म बदलतो. म्हणजे नक्की काय?

वजनातून जमिनीकडे सरळ उभी रेघ कल्पा. सांध्यापासून त्या रेघेपर्यंतचं काटकोनातलं अंतर म्हणजे मोमेंट आर्म. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि मग कडीजवळ ढकलून पाहा, जोरातला फरक त्याचाच.

आता हिशेब. कोपर ९० अंशांत, हात जमिनीला समांतर, कोपरापासून मुठीपर्यंत ३५ सेंमी. १० गुणिले ३५ म्हणजे ३५०. बायसेपची ओढ मात्र सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंमीवर लागते. ३५० भागिले ५ म्हणजे ७०. हातात १० किलो आहेत, पण कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना ७० किलो वजनाइतका ताण सोसावा लागतो, आणि यात हाताचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. हात लोंबकळत्या स्थितीपासून ४५ अंश वर आला असेल तेव्हा आडवं अंतर साधारण २५ सेंमी भरतं, म्हणून ताण कमी. हात अगदी सरळ खाली असताना ते जवळपास शून्य.

इथली नेहमीची चूक वरच्या टोकाला होते. डंबेल खांद्यापर्यंत आणण्याच्या नादात कोपर पुढे सरकतं, हात उभा होतो, वजन थेट कोपराच्या वर येतं आणि स्नायूला आयती विश्रांती मिळते. कोपर बरगडीच्या बाजूला ठेवा आणि हात उभा होण्याच्या जरा आधी थांबा.

लॅटरल रेजमध्ये (हात बाजूने वर उचलताना) हे आणखी ठळक दिसतं. सरळ हाताने ५ किलो खांद्यापासून ६० सेंमीवर धरले तर गुणाकार ३००. कोपर वाकवून तेच ४० सेंमीवर आणले तर २००. वजन तेच, काम एक तृतीयांशाने कमी. सेटच्या शेवटी कोपर आपोआप वाकायला लागतं ते याचसाठी. अशा वेळी ७ किलोचा डंबेल वाकड्या हाताने उचलला म्हणून प्रगती झाली असं लिहून ठेवू नका.

स्क्वाटबद्दल दोन पत्रांत विचारलं आहे की गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला तर चालतं का. चालतं, आणि अनेकांच्या बाबतीत तो जायलाच हवा. बार पावलाच्या मध्याच्या वर राहिला नाही तर तोल जातो, ही एक अट पक्की. मांडी आडवी असताना बारची उभी रेघ मांडीला कुठेतरी छेदते. तिच्या एका बाजूचं अंतर गुडघ्याच्या वाट्याला, दुसऱ्या बाजूचं खुब्याच्या. मांडी ४२ सेंमी असेल आणि गुडघ्याकडे १७ सेंमी पडले तर खुब्याकडे २५. गुडघा मुद्दाम मागे धरला की त्याच्या वाट्याचे सेंटिमीटर खुब्याला आणि कमरेला जातात आणि धड पुढे झुकतं. गुडघ्याचा भार नाहीसा झाला असं नाही, तो दुसऱ्या सांध्याला दिला. ज्यांची मांडी लांब आहे ते जास्त झुकणारच. त्यात फॉर्मची चूक शोधत बसणं व्यर्थ. टाच उचलली जात असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही असं समजा. टाचेखाली २ सेंमी जाडीची पट्टी ठेवून पाहा, धड सरळ राहायला लगेच मदत होते.

प्रश्न : प्रत्येक व्यायामात 'खांदे मागे आणि खाली' अशी सूचना मिळते. बेंच प्रेसला ठीक वाटतं, पण ओव्हरहेड प्रेसमध्ये तसं केलं की खांद्याच्या वर चिमटा बसतो.

चिमटा बसण्याचं कारण बहुधा त्या सूचनेतच आहे.

खांद्याचं पातं बरगड्यांवर तरंगतं, मागे ते कुठल्याही हाडाशी सांध्याने जोडलेलं नाही. हात आणि धड यांना जोडणारा हाडांचा सांधा एकच, कॉलरबोन छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथला. त्यामुळे पात्याला भरपूर मोकळीक असते आणि हात वर जाताना तिची गरजही असते. हात पूर्ण १८० अंश वर गेला तर त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश पातं वर फिरल्यामुळे. हे २ : १ प्रमाण सुरुवातीपासून शेवटपर्यंत काटेकोर राहत नाही, पण हिशेबाला पुरेसं आहे. पातं फिरवणारे स्नायू तीन : ट्रॅपिझियसचा वरचा भाग, त्याचाच खालचा भाग, आणि बरगड्यांवरून निघून पात्याच्या कण्याकडच्या कडेला जाणारा सेरेटस अँटिरियर. पाती मागे-खाली आवळून धरली तर ६० अंशांचा हा वाटा अडतो आणि दंडाचं हाड पात्याच्या वरच्या छताकडे दाबलं जातं.

ओव्हरहेड प्रेसमध्ये बार कपाळाच्या वर गेला की खांदे कानांकडे जाऊ द्या आणि शेवटी बार जरासा 'अजून वर' ढकला. कोपरं थेट बाजूला न ठेवता शरीराच्या पुढे ३० अंशांच्या आसपास ठेवा. पातं बरगड्यांवर मुळातच तेवढं पुढे वळलेलं असतं. लॅटरल रेजलाही हाच कोन. हात वर जाताना बरगड्या पुढे फुगून कंबर वाकत असेल तर वजन जास्त आहे किंवा खांदा तेवढा उघडत नाही. दोन्ही वेळा पहिला उपाय वजन कमी करण्याचाच.

बेंच प्रेसला तीच सूचना योग्य, कारण तिथे पाठीखाली बाक आहे आणि पाती मागे घेतल्याने खांद्याला पक्की बैठक मिळते. कोपरं धडापासून ४५ ते ७० अंशांत ठेवा, बार छातीच्या खालच्या भागाला टेकवा आणि मनगट कोपराच्या बरोबर वर राहील असं धरा. पुश-अपमध्ये पुन्हा उलटं : पाती मोकळी फिरू द्या आणि वर आल्यावर जमिनीला आणखी २-३ सेंमी दूर ढकला. या शेवटच्या ढकलण्यानेच सेरेटसला काम मिळतं. आठवड्यातून दोनदा १०-१२ रेप्सचे (रेप म्हणजे एक पूर्ण हालचाल) दोन सेट पुरेत.

रोटेटर कफबद्दलही विचारलं आहे. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार लहान स्नायू दंडाच्या हाडाचं गोल टोक उथळ खोबणीच्या मधोमध धरून ठेवतात. कुशीवर झोपून, कोपर बरगडीला लावून, हात बाहेर फिरवण्याचा व्यायाम १ ते ३ किलोंत १५ रेप्स करावा. ८ किलो घेतले की पाठीचे मोठे स्नायू काम पळवतात. खांद्यात नुसता कट-कट आवाज येतो आणि दुखत नाही, तर चिंता नको. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही किंवा हात उचलायला जोरच मिळत नाही असं असेल, तर व्यायाम बदलत न बसता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : लेग रेज केल्यावर पोटाऐवजी मांडीचा सांधा आणि कंबर दुखते. 'लोअर ॲब्ज' साठी दुसरं काय करू?

पोटाचा उभा स्नायू, रेक्टस ॲब्डॉमिनिस, खाली जांघेच्या मधल्या हाडापासून वर बरगड्यांच्या कूर्चेपर्यंत जातो. तो मांडीला जोडलेलाच नाही, मग पाय कसा उचलणार? पाय उचलतात ते खुबा वाकवणारे स्नायू, मुख्यतः इलिओसोअस. त्याचा सोअस हा भाग कमरेच्या मणक्यांच्या बाजूंवरून निघून मांडीच्या हाडाला जातो. सरळ पाय खाली नेताना तो कमरेला पुढे ओढतो. पोटाने पेल्विस (कटीच्या हाडांचा सांगाडा) धरून ठेवला नाही तर कंबर जमिनीवरून उचलली जाते आणि दुखते.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून छातीवर आणा, श्वास सोडत नितंब जमिनीपासून ५ ते ८ सेंमी उचला, तीन सेकंदांत खाली या. पेल्विस बरगड्यांकडे वळला तरच पोट आखडतं, पाय किती वर गेले याला इथे महत्त्व नाही. ८-१० रेप्समध्ये पोट थरथरायला हवं. झटक्याने पाय फेकून होत असेल तर ते पोटाचं काम नव्हे. हे जमल्यावर एकेक पाय सरळ खाली नेण्याकडे जा आणि कंबर उचलली जाते त्या उंचीच्या जरा वर थांबा.

'लोअर ॲब्ज' असा वेगळा स्नायू नाही. एकच लांब स्नायू आहे, त्याला आडवे तंतुमय पट्टे छेदतात आणि म्हणून चौकोन दिसतात. पट्टे किती आणि कुठे हे जन्मतः ठरतं. तिथली चरबी तिथला व्यायाम करून उतरत नाही, हेही याच निमित्ताने सांगून टाकतो.

प्रश्न : कॉन्सेंट्रिक, एक्सेंट्रिक, आयसोमेट्रिक यांतला फरक काय? वजन खाली आणायला किती सेकंद घ्यायचे? दुसऱ्या दिवशीचं दुखणं लॅक्टिक ॲसिडमुळे असतं ना?

स्नायू जोर लावत आखूड होतो तो कॉन्सेंट्रिक टप्पा, जोर लावतच लांब होतो तो एक्सेंट्रिक, लांबी बदलत नाही तो आयसोमेट्रिक. कर्लमध्ये डंबेल खाली येताना ट्रायसेप काम करतो असं काहींना वाटतं. नाही. तेव्हाही बायसेपच काम करतो, तो वजनाला रोखत सोडतो. खाली नेण्याचं काम गुरुत्वाकर्षण फुकट करतं.

जेवढं वजन आपण वर उचलू शकतो त्यापेक्षा साधारण २० ते ४० टक्के जास्त वजन आपण आवरत खाली आणू शकतो. म्हणूनच खाली आणण्याचा टप्पा वाया घालवू नये. २ ते ३ सेकंद पुरे. स्नायूवाढीच्या दृष्टीने पूर्ण रेप अर्ध्या सेकंदाची असो की आठ सेकंदांची, सेट थकव्यापर्यंत नेला तर फारसा फरक दिसत नाही. दहा सेकंदांपुढे ताणत नेलं तर वजन इतकं कमी करावं लागतं की फायद्यापेक्षा तोटाच पदरी पडतो. आयसोमेट्रिकची एक मर्यादा : ज्या कोनात धरून ठेवाल, त्याच्या आसपासच ताकद जास्त वाढते. एकाच उंचीवर वॉल-सिट (भिंतीला पाठ टेकून हवेत बसणं) करून पूर्ण स्क्वाट सुधारेल अशी आशा नको.

आता दुखण्याचं. लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) व्यायामानंतर तासाभरात नेहमीच्या पातळीवर येतं. दुखणं मात्र १२ ते २४ तासांनी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांत कळसाला जातं. तासाभरात निघून गेलेला पदार्थ परवा कसा दुखवेल? उतारावर धावल्याने मांड्या सगळ्यांत जास्त दुखतात, आणि तिथे लॅक्टेट कमीच तयार होतं. कारण आहे नवख्या एक्सेंट्रिक कामाने तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि नंतरची सूज. तोच व्यायाम एक-दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणं खूपच कमी होतं, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट करा. दुखलं नाही म्हणजे व्यायाम झाला नाही, हा समज सोडून द्या. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या : स्नायू प्रचंड सुजले, हात सरळ होईना आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

प्रश्न : टेंडन आणि लिगामेंट, स्ट्रेन आणि स्प्रेन. प्रत्येक वेळी उलटं होतं.

टेंडन स्नायूला हाडाशी जोडतो, लिगामेंट हाडाला हाडाशी. स्नायू किंवा टेंडन ताणला-फाटला तर स्ट्रेन, लिगामेंट तर स्प्रेन. सरावात महत्त्वाचं हे की टेंडनला रक्तपुरवठा कमी असतो आणि तो स्नायूपेक्षा सावकाश जुळवून घेतो. स्नायूंचा जोर पहिल्या महिन्यात वाढतो, टेंडनला त्या भाराची सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात कोपराच्या आत किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं सुरू होतं ते या फरकामुळे.

प्रश्न : वन-आरएम, आरपीई, आरआयआर. वजन ठरवण्यासाठी यांतलं काय वापरायचं? आणि ८ ते १२ रेप्सचा नियम खरा का?

वन-आरएम म्हणजे योग्य पद्धतीने एकदाच, दुसऱ्यांदा अजिबात नाही, असं उचलता येणारं जास्तीत जास्त वजन. व्यायामशास्त्रात 'इंटेन्सिटी' म्हणजे या आकड्याच्या किती टक्के. घाम किती आला किंवा धाप किती लागली याला इंटेन्सिटी म्हणत नाहीत, जिममध्ये मात्र सर्रास तोच अर्थ घेतात.

नवख्याने हा आकडा प्रत्यक्ष उचलून काढू नये. एप्लीचं सूत्र वापरा : वजन × (१ + रेप्स ÷ ३०). समजा ५० किलो सहा वेळा उचलले आणि सातवी रेप निघणार नव्हती. ६ भागिले ३० म्हणजे ०.२, ५० गुणिले १.२ म्हणजे ६० किलो. याच्या ७५ टक्के म्हणजे ४५ किलो. हे सूत्र १० रेप्सच्या आत बरं चालतं. २० रेप्सच्या सेटवरून काढलेला आकडा भ्रामक असतो, कारण तिथे जोरापेक्षा दम जास्त मोजला जातो.

आरआयआर म्हणजे सेट थांबवताना आणखी किती रेप्स शिल्लक होत्या. आरपीई ही मेहनतीची मोजणी. मूळ पट्टी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुनर बोर्ग यांनी ६ ते २० अशी केली होती, वजनांसाठी आता १ ते १० वापरतात. आरपीई ८ म्हणजे दोन रेप्स शिल्लक, १० म्हणजे एकही नाही. आज झोप कमी झाली असेल तर ४५ किलोही ९ वाटू शकतात. टक्केवारीला ते कळत नाही, आरपीईला कळतं. त्यामुळे टक्केवारीने सुरुवातीचं वजन ठरवावं आणि आरपीईने त्या दिवसापुरतं कमी-जास्त करावं, असं आमचं मत.

नवख्यांचा अंदाज बहुतेकदा चुकतो. 'दोन शिल्लक' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्याहून जास्त शिल्लक असतात. तपासायचं असेल तर पडण्याचा धोका नसलेला व्यायाम निवडा, मशीनवरचा लेग एक्स्टेंशन किंवा केबल रो. शेवटच्या सेटला आकडा आधी मोठ्याने सांगा आणि मग खरोखर अडेपर्यंत करून पाहा. बेंच प्रेस किंवा स्क्वाटवर हा प्रयोग एकट्याने करायचा नाही.

८ ते १२ हा नियम नव्हे, सोय आहे. स्नायूंचा आकार वन-आरएमच्या साधारण ३० टक्क्यांपासून ८०-८५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही वजनाने वाढतो, सेट फेल्युअरच्या (पुढची रेप निघतच नाही त्या टप्प्याच्या) जवळ गेला तर. पण ३० टक्क्यांवर तिथवर पोहोचायला तीस-पस्तीस रेप्स लागतात आणि जळजळ सहन होत नाही. फार जड वजनाला सेट जास्त करावे लागतात. मधलं अंतर वेळ वाचवतं, एवढंच. ताकद वाढवायची असेल तर मात्र जड वजन हवं, १ ते ५ रेप्सचे सेट आणि मध्ये ३ ते ५ मिनिटं विश्रांती. स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन (झटपट ऊर्जेचा साठा) अर्ध्या मिनिटात अर्धं भरतं, पण पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. जड स्क्वाटनंतर ४५ सेकंदांत पुन्हा बारखाली गेलात तर दुसरा सेट कमी पडणारच.

प्रश्न : दीड महिन्यात बेंच प्रेस ३० वरून ४५ किलोवर गेला, पण छातीचं आणि दंडाचं माप तेच आहे. चुकतंय कुठे?

चुकत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. एक चेतापेशी आणि ती ज्या तंतूंना हुकूम देते ते सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट. डोळ्याच्या स्नायूंत एका युनिटमध्ये दहाच्या आसपास तंतू असतात, पोटरीत हजाराच्या वर. मेंदू आधी लहान युनिट कामाला लावतो आणि भार वाढेल तशी मोठी. ही चढण मज्जाशास्त्रज्ञ एलवुड हेनेमन यांनी मांडली. सरावाने मोठी युनिट लवकर आणि वेगाने पेटतात, उलट हालचाल करणारे स्नायू उगाच आखडत नाहीत, बारचा मार्गही सुधारतो. वजन वाढतं, टेप हलत नाही. हे मज्जासंस्थेचंच काम आहे याचा पुरावा असा, की एकाच हाताचा व्यायाम केला तरी दुसऱ्या हाताची ताकद थोडी वाढते. हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्या हाताचा व्यायाम चालू ठेवा असं सांगतात ते यासाठी.

दंडाचं माप महिन्यातून एकदाच घ्या, व्यायामाआधी, हात सैल सोडून. व्यायामानंतरचा पंप (तात्पुरता फुगवटा) मोजून खूश होण्यात अर्थ नाही.

प्रश्न : जड वजनाला श्वास रोखायचा की सोडायचा?

हलक्या आणि मध्यम वजनाला सोपा नियम : जोर लावताना सोडा, परत येताना घ्या. ८० टक्क्यांच्या पुढे मात्र शरीर आपसूकच श्वास रोखतं. याला व्हल्साल्व्हा म्हणतात. बंद घशामागे पोटातला दाब वाढतो आणि कण्याला आतून आधार मिळतो. स्क्वाटमध्ये उभं राहून, बार खांद्यावर स्थिर झाल्यावर श्वास पोटात आणि कमरेच्या बाजूंना भरा, नुसता छातीत नको. पोट कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं आवळा, खाली जा, वर येताना सर्वांत अवघड जागा ओलांडली की सोडा. प्रत्येक रेपला नवा श्वास. चार-पाच रेप्स एकाच श्वासात ओढल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी बार आधी रॅकवर ठेवा, मग हात सोडा.

या काही सेकंदांत रक्तदाब प्रचंड चढतो. जड लेग प्रेसमध्ये तरुण, निरोगी माणसांतही वरचा आकडा ३०० च्या पुढे गेल्याची नोंद आहे. उच्च रक्तदाब, हर्निया, डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखून करायचे जड सेट डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नकोत. त्यांनी १२ ते १५ रेप्सचं वजन घ्यावं, श्वास चालू ठेवावा आणि फेल्युअरच्या तीन-चार रेप्स आधी थांबावं, कारण सेटच्या शेवटच्या अडखळत्या रेप्समध्ये हलकं वजनही श्वास रोखायला लावतं.